स्लीपवर टाकला की बंद पडणारा डेस्कटॉप

‘स्लीपवर टाकला की कॉम्प्युटर क्रॅश होतो’ अशी तक्रार आली की मी काहीही उघडायच्या आधी मशीन स्लीपवर टाकतो आणि घड्याळ घेऊन समोर बसतो. या एका वाक्यात तीन निरनिराळे बिघाड लपलेले असतात. मशीन झोपायला जाताना अडकतं, झोपेत असताना मरतं, किंवा जागं होताना कोसळतं. वापरणाऱ्याला तिन्ही वेळा सारखंच दिसतं: काम उघडं ठेवून गेलो होतो, परत आलो तर सगळं बंद. पण तिघांची कारणं वेगळ्या जागी असतात आणि हा फरक आधी केला नाही तर विंडोज नव्याने टाकण्यातच आठवडे जातात.

हे मशीन गिरगावातलं, मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्या एका मावशींचं. सहा वर्षं जुना डेस्कटॉप, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, २४० जीबीची एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), यूएसबीचा वाय-फाय डोंगल, विंडोज १०. दिवसभर आठ-दहा फायली उघड्या असतात, म्हणून त्या शटडाउन करत नाहीत, स्लीपवर टाकतात. सकाळी येऊन बघावं तर मशीन आपोआप चालू झालेलं, लॉगिनचा पडदा समोर आणि फायली गायब. आधी दोनदा विंडोज नव्याने टाकून झालं होतं. उपयोग झाला नाही आणि तो का झाला नाही, हे पुढे कळलं.

हाताने दहा वेळा स्लीपवर टाकून पाहिलं. खऱ्या स्लीपमध्ये, म्हणजे एस३ अवस्थेत, पंखे थांबतात आणि कॅबिनेटवरचा पॉवरचा दिवा लुकलुकायला लागतो. दहापैकी सात वेळा तसंच झालं आणि मशीन नीट जागंही झालं. तीन वेळा पडदा काळा झाला, पण पंखे फिरतच राहिले, दिवा स्थिर राहिला, कीबोर्ड-माउस निपचित. काही मिनिटांनी मशीन स्वतःहून रीस्टार्ट झालं. हा झाला पहिला प्रकार, झोपायला जाताना अडकणं. विंडोज कोसळल्याचं सांगणारा निळा पडदा येतोच, पण डिस्प्ले त्याआधीच बंद झालेला असल्याने तो कुणाला दिसत नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम. विंडोज लॉग्जमधला सिस्टम हा लॉग उघडून १, ४१, ४२, १०७, १००१ आणि ६००८ या क्रमांकांवर फिल्टर लावला. कर्नल-पॉवर ४२ म्हणजे मशीन झोपायला निघालं, १०७ म्हणजे परत आलं, पॉवर-ट्रबलशूटरचा १ म्हणजे कशाने जागं झालं त्याची नोंद. ४१ म्हणजे मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं; १००१ आणि ६००८ याही कोसळण्याच्या आणि अचानक बंद पडण्याच्याच नोंदी. बहुतेक जण ४१ पाहून तिथेच थांबतात. खरी माहिती त्याच्या डीटेल्स टॅबमध्ये असते. तिथे ‘बगचेक-कोड’ आणि ‘स्लीप-इन-प्रोग्रेस’ ही दोन घरं वाचायची. बगचेक-कोड दशमान पद्धतीत असतो. १५९ दिसलं तर तोच निळ्या पडद्यावरचा ०एक्स९एफ, म्हणजे ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. शून्य दिसलं तर विंडोजला कोसळण्याची नोंद करायलाही वेळ मिळाला नाही: वीज गेली, मशीन पूर्ण गोठलं किंवा कुणी बटण दाबून धरलं. स्लीप-इन-प्रोग्रेसमध्ये शून्याखेरीज काही असेल तर हे सगळं झोपेच्या प्रवासात घडलं.

मागच्या तीन आठवड्यांत ४१ च्या अकरा नोंदी होत्या. चारांत १५९, सातांत शून्य. एकाच तक्रारीत दोन बिघाड आहेत, हे इथे स्पष्ट झालं. या दोन राशी वेगळ्या केल्या नसत्या तर पुढे एक दुरुस्त होऊनही ‘अजून तेच होतंय’ म्हणून केलेली दुरुस्ती चुकीची ठरवली असती.

१५९ ची बाजू सोपी असते, कारण तिथे पुरावा मागे राहतो. मात्र तो राहील याची तजवीज आधी करावी लागते. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथे ‘स्मॉल मेमरी डंप’, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची छोटी नोंद, निवडायचा, आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) सी ड्राइव्हवर आहे ना ते पाहायचं. जागा वाचवायला पेजफाइल बंद केलेली असेल तर डंप लिहिलाच जात नाही. मावशींच्या मशीनवर ती चालू होती, त्यामुळे सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात मिनिडंप नावाच्या फोल्डरात चार फायली तयार सापडल्या.

त्या विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या डंप वाचायच्या साधनात उघडून ‘!ॲनलाइझ -व्ही’ चालवलं. ०एक्स९एफ मध्ये पहिला पॅरामीटर ३ असेल तर अर्थ असा: विंडोजने एका उपकरणाला पॉवर बदलण्याची विनंती पाठवली आणि ड्रायव्हरने ती पुरी न करता धरून ठेवली. दुसऱ्या पॅरामीटरमध्ये त्या उपकरणाचा पत्ता असतो, चौथ्यात अडकलेल्या विनंतीचा. दुसऱ्यावर ‘!डेव्हस्टॅक’ आणि चौथ्यावर ‘!आयआरपी’ चालवलं की विनंती कोणत्या ड्रायव्हरपाशी थबकली ते नावानिशी दिसतं. नुसत्या ‘!ॲनलाइझ’च्या निकालावर विसंबू नये. पुष्कळदा तो विंडोजच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, किंवा यूएसबी हबचं नाव पुढे करतो आणि खरा अडवणारा त्याच्या वरच्या थरात असतो. चारही डंपांत विनंती वाय-फाय डोंगलच्या ड्रायव्हरपाशी अडकलेली होती.

डोंगल काढून वीस वेळा स्लीप केलं, एकदाही अडकलं नाही. डोंगल लावला, आठव्या वेळी अडकलं. याला मी पुरावा म्हणतो. ‘ड्रायव्हर अपडेट केला आणि दोन दिवस ठीक आहे’ याला म्हणत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूण काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो इथे पुरला नाही. ती खूण मुख्यतः मशीन जागं असताना एकेकटं उपकरण बंद करण्याबद्दल आहे. सगळं मशीनच झोपायला निघालं की ड्रायव्हरला विनंती येते ती येतेच. म्हणून जुना ड्रायव्हर मुळातून काढला. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत ‘पीएनपीयूटिल /एनम-ड्रायव्हर्स’ दिलं की बाहेरून आलेल्या ड्रायव्हरांची यादी येते आणि प्रत्येकापुढे ओईएम-अमुक असं आयएनएफ फाइलचं नाव असतं. ते नाव घेऊन ‘पीएनपीयूटिल /डिलीट-ड्रायव्हर’, शेवटी ‘/अनइन्स्टॉल’. नुसतं डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल केलं तर ड्रायव्हरची प्रत विंडोजच्या साठ्यात राहते आणि डोंगल खोचताच तीच परत बसते. विंडोज नव्याने टाकूनही काही बदललं नव्हतं त्याचं अर्धं कारण हेच: प्रत्येक वेळी अपडेटमधून तोच ड्रायव्हर परत येत होता. चिपच्या उत्पादकाचा नवा ड्रायव्हर टाकला आणि १५९ च्या नोंदी थांबल्या.

शून्यवाल्या सात नोंदी मात्र चालूच राहिल्या.

इथे डंप नाही, निळा पडदा नाही, पुरावा नाही. नेहमीच्या गोष्टी भराभर उरकल्या. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करून रॅम मूळ वेगावर आणली, एकेक रॅम काढून पाहिली. मेमटेस्ट८६ चे चार फेरे निर्दोष गेले. पण मेमटेस्टचा निर्वाळा इथे अर्धाच कामाचा आहे. तो रॅम तपासतो ती पूर्ण वीज चालू असताना. एस३ मध्ये प्रोसेसर आणि मेमरी कंट्रोलर बंद असतात आणि रॅम सेल्फ-रिफ्रेशवर स्वतःच स्वतःला ताजं ठेवते. ती परिस्थिती मेमटेस्टमध्ये येतच नाही. रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने पुसणं हा मुंबईतला पहिला इलाज आहे आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तो अनेकदा लागूही पडतो. इथेही पुसले, फरक नाही. बटण सेल, सीआर२०३२, मीटरवर २.९ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे ठीक. काही जण हा सेल बदलून स्लीप दुरुस्त करायला जातात. झोपेत रॅमला वीज त्या सेलमधून मिळत नाही. तो फक्त घड्याळ आणि बायोसच्या सेटिंगसाठी.

विंडोजला वादातून बाहेर काढायला उबुंटू या लिनक्स प्रणालीचा लाइव्ह पेनड्राइव्ह घेतला. तो सुरू करताना बूटच्या ओळीत ‘टूरॅम’ हा शब्द जोडायचा, म्हणजे सगळी प्रणाली रॅममध्ये उतरते. नाहीतर झोपेतून उठताना पेनड्राइव्हची ओळख पुन्हा नव्याने होते, प्रणालीच्या पायाखालची जमीन जाते आणि आपण खोट्याच क्रॅशमागे धावतो.

लिनक्सच्या कर्नलमध्ये एक सोय आहे, ती विंडोजमध्ये असती तर फार बरं झालं असतं. ‘/सिस/पॉवर’ फोल्डरात ‘पीएम_टेस्ट’ नावाची फाइल असते. तिच्यात फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर यांतला एक शब्द लिहायचा आणि स्लीप द्यायची. मशीन त्या टप्प्यापर्यंतच झोपायला जातं, पाच सेकंद थांबतं आणि परत येतं. फ्रीझरमध्ये फक्त प्रोग्राम गोठतात, डिव्हायसेसमध्ये ड्रायव्हरही झोपतात, असं एकेक पायरी खाली. ज्या पायरीवर मशीन परतत नाही तिथे बिघाड. आमच्या मशीनने पाचही पायऱ्या प्रत्येकी दहादा पार केल्या. मग फाइलमध्ये ‘नन’ लिहून खरी झोप दिली: ‘आरटीसीवेक -एम मेम -एस ६०’, म्हणजे एस३ मध्ये जा आणि ६० सेकंदांनी घड्याळाने उठव. त्याआधी त्याच फोल्डरातल्या ‘मेम_स्लीप’ फाइलमध्ये ‘डीप’ हा शब्द चौकटी कंसात आहे ना ते पाहिलं, नाहीतर मशीन खऱ्या एस३ मध्ये जातच नाही. तीस वेळा केलं, तीसही वेळा उठलं.

विंडोजवरही पीडब्ल्यूआर-टेस्ट या मायक्रोसॉफ्टच्या स्लीप तपासायच्या साधनाने पन्नास फेरे दिले: ९० सेकंद जागं, ६० सेकंद झोप. पन्नासही पार. इतकं सगळं पार झालं की मशीन निर्दोष ठरवून परत द्यायचा मोह होतो. मी पुन्हा नोंदींच्या वेळांकडे गेलो. सातही घटना रात्रीच्या झोपेतल्या होत्या. दुपारी जेवायला उठताना मशीन तासभर झोपतं, त्या वेळची एकही नव्हती.

“मावशी, रात्री झोपताना मशीनला आणखी काय लावलेलं असतं?”

“काही नाही रे. माझा फोन चार्जिंगला लावते मागच्या बाजूला, सकाळपर्यंत भरतो.”

या उत्तराने काम झालं. ते का, हे समजायला एसएमपीएसमधल्या दोन वाटा लक्षात घ्याव्या लागतात. मशीन चालू असताना १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइन काम करतात. झोपेत त्या सगळ्या बंद होतात आणि एकच छोटी लाइन जिवंत राहते, ५ व्होल्ट स्टँडबाय. चोवीस पिनांच्या कनेक्टरात तिची ९ नंबरची पिन, वायर जांभळी. एसएमपीएसच्या लेबलवर तिचा करंट वेगळा लिहिलेला असतो, साधारण २ ते ३ अँपिअर. या एसएमपीएसवर २.५ लिहिलं होतं, म्हणजे जेमतेम १२.५ वॉट. झोपेत रॅमचं सेल्फ-रिफ्रेश, लॅनचा (नेटवर्कचा) झोपेतही जागा राहणारा भाग, कीबोर्ड-माउस आणि यूएसबी पोर्ट, सगळे या एका लाइनवर येतात. मशीन चालू असताना बहुतेक मदरबोर्ड रॅम आणि यूएसबीला मुख्य लाइनवरून वीज देतात, त्यामुळे तेव्हा स्टँडबायवर फारसं ओझं नसतं. म्हणूनच चालू मशीनवर ही लाइन मोजली तर ती नेहमी चांगलीच दिसते. तिची परीक्षा झोपेतच होते.

मल्टिमीटरचं काळं टोक कुठल्याही काळ्या वायरीत, लाल टोक जांभळ्या वायरीच्या मागून कनेक्टरात सरकवलं. टोक बारीक हवं आणि शेजारच्या पिनेला टेकता कामा नये. सगळ्या वायरी काळ्या असतील तर मदरबोर्डच्या मॅन्युअलमधल्या आकृतीवरून ९ नंबर शोधावा, अंदाजाने नाही. मीटर किमान आकडा धरून ठेवणारा असावा, कारण क्षणभराची घसरण डोळ्यांना दिसत नाही. एटीएक्स या डेस्कटॉपच्या एसएमपीएसच्या मानकाप्रमाणे या लाइनला पाच टक्क्यांची मुभा आहे: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट.

मशीन चालू असताना ५.०२. झोपेत, फोनशिवाय, ४.७९. मर्यादेत, पण काठावर. फोन लावला तसा आकडा ४.५५ वर आला आणि हळूहळू उतरत राहिला. चाळीसेक मिनिटांनी पंखे अचानक फिरले आणि मशीन पहिल्यापासून बूट व्हायला लागलं. मीटरने धरलेला किमान आकडा ३.९ होता. तेवढ्या व्होल्टवर रॅममधलं काही टिकत नाही, बोर्डाला वाटतं घरची लाइट गेली. या बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ हे सेटिंग ‘पॉवर ऑन’ वर होतं, म्हणून मशीन स्वतःहून चालू होत होतं आणि मावशींना सकाळी लॉगिनचा पडदा दिसत होता. तपास करताना हे सेटिंग ‘पॉवर ऑफ’ वर ठेवावं. मग झोपेत वीज तुटली तर मशीन पूर्ण बंद सापडतं आणि अर्धा संशय तिथेच फिटतो.

आणखी एक खात्री केली. डेस्कटॉपवर विंडोजमध्ये हायब्रिड स्लीप नावाची सोय असते. मशीन रॅममधलं सगळं डिस्कवरच्या हायबरफिल फायलीतही उतरवून मग झोपतं. मध्येच वीज गेली तरी उठताना तिथून सगळं परत मिळतं. या मशीनवर जागा वाचवायला ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलेलं होतं, त्यामुळे ही ढालच गेली होती. १६ जीबी रॅमला ही फाइल मुळात ४० टक्के, म्हणजे साडेसहा जीबीच्या आत, जागा घेते. ‘पॉवरसीएफजी /एच ऑन’, मग ‘/एच /टाइप फुल’, आणि पॉवर ऑप्शन्सच्या स्लीप गटात हायब्रिड स्लीप चालू. त्या रात्री फोन लावलेलाच ठेवला. सकाळी मशीन बूट होऊनच सुरू झालेलं होतं, पण सगळ्या फायली जिथल्या तिथे उघड्या होत्या. ड्रायव्हरमुळे जाताना अडकलं असतं तर असं झालं नसतं. झोप पूर्ण लागली होती आणि वीज नंतर तुटली.

काही जण इथे थांबतील: हायब्रिड चालू, फोन भिंतीतल्या चार्जरला. मी ते सुचवलं नाही. ही लाइन अशीच खाली येत राहिली तर एक दिवस बटण दाबूनही मशीन सुरू होणार नाही, कारण ते बटण वाचणारा मदरबोर्डचा भागही याच लाइनवर जगतो.

ही लाइनच आधी का थकते त्याचंही कारण आहे. भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच चालू असेल तोवर स्टँडबायचं सर्किट चोवीस तास चालतं, मशीन बंद असलं तरी. सहा वर्षांचे तास बावन्न हजारांच्या वर होतात. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. मे महिन्यातली गिरगावातली बंद खोली, टेबलाखाली कोपऱ्यात सरकवलेलं कॅबिनेट आणि धुळीने माखलेला एसएमपीएसचा पंखा. झोपेत तर तो पंखाही फिरत नाही.

एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलता येतात, दोन-तीन सुटे भाग आणि अर्ध्या तासाचं काम. पण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये २३० व्होल्टच्या लाइनवर सव्वातीनशे व्होल्ट, आणि पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये ३८० च्या आसपास डीसी असतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. ज्याने हे काम हाताखाली शिकलेलं नाही त्याने झाकणाचे स्क्रू काढू नयेत. लॅमिंग्टन रोडवरून नवा ४५० वॉटचा, ‘८० प्लस ब्राँझ’ हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला घेतला. दुकानात उभं राहून लेबलवर स्टँडबाय लाइनचा आकडा वाचला, ३ अँपिअर असलेलाच उचलला. दुकानदार वॉट सांगतात, ही ओळ आपल्यालाच वाचावी लागते.

नवा बसवून तेच मोजमाप पुन्हा केलं. चालू असताना ५.०६, झोपेत ५.०३, फोन लावून ४.९८. रात्रभर किमान आकडा ४.९६ च्या खाली गेला नाही. मग फोन आणि डोंगल दोन्ही लावलेले ठेवून पीडब्ल्यूआर-टेस्टचे पन्नास फेरे. आधीच्या पन्नासांत फोन नव्हता, ती माझी चूक होती: चाचणीत मशीनला रोज लागतं तेच ओझं असलं पाहिजे आणि निदान एक झोप रात्रीएवढी लांब हवी, कारण साठ सेकंदांत कपॅसिटर तापतच नाही.

लॅपटॉपवर हेच सगळं लागू होणार नाही. आधी ‘पॉवरसीएफजी /ए’ देऊन पाहावं. तिथे एस३ ऐवजी ‘एस० लो पॉवर आयडल’ दिसलं तर ते मॉडर्न स्टँडबाय आहे. तिथे मशीन खरं झोपत नाही, फक्त अगदी मंद चालतं, आणि तपास ‘पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी’च्या अहवालापासून सुरू होतो.

मावशींच्या मशीनवर हायब्रिड स्लीप चालूच ठेवली आहे, बायोसमधलं सेटिंग ‘पॉवर ऑफ’ वर. दीड महिन्यानंतर सिस्टम लॉग पुन्हा त्याच फिल्टरने पाहिला. ४२ आणि १०७ च्या जोड्या ओळीने होत्या, ४१ ची एकही नोंद नव्हती.